आधी सांगावा, मग पाणी

रविवारी सकाळी ताईचा फोन येतो. आमच्याकडे सिंगापूरला सकाळ असते, तिच्याकडे टेक्सासमध्ये शनिवारची संध्याकाळ. त्या रविवारीही आला. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता आणि कोथिंबीर निवडत होते. ताई तिच्या गुडघ्याबद्दल सांगत होती. तिच्या मागच्या अंगणात दाजी गवत कापत होते, त्या मशीनची घरघर फोनमध्ये ऐकू येत होती. मध्येच तिच्याकडची बेल वाजली. "थांब गं, कुणीतरी आलंय," असं म्हणून तिनं फोन तसाच ठेवला. दार उघडल्याचा आवाज आला आणि मग ताईचं इंग्रजी. ती घाबरली की तिचं इंग्रजी फार नम्र होतं. "प्लीज कम इनसाइड. सिट, सिट. आय विल ब्रिंग वॉटर." फ्रीज उघडला, ग्लासात बर्फ पडला, तिच्या चपला फटफटत परत दाराकडे गेल्या. एक पुरुषी आवाज म्हणाला, "नो, मॅम. थँक यू, मॅम." ताई म्हणाली, बाहेर किती उकडतंय, घ्या ना. तो पुन्हा म्हणाला, "नो, मॅम."

माझे हात थांबले नाहीत. देठ मोडत राहिले, पानं चाळणीत टाकत राहिले. पण पहिल्या नकाराला मला कळलं होतं. मग त्या माणसानं एक लांब वाक्य म्हटलं, ते नीट ऐकू आलं नाही, आणि येण्याची गरजही नव्हती. ताई रडली नाही, ओरडली नाही. मागे गवताचं मशीन चालूच होतं... बऱ्याच वेळानं ते बंद झालं. ताईनं फोन उचलला आणि एवढंच म्हणाली, "त्यांनी पाणी घेतलं नाही गं."

अशा रीतीनं माझा भाचा सुगत गेल्याचं मला समजलं. ताईचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेच्या मरीन दलात लेफ्टनंट. पहिल्या खेपेला इराकमधून शौर्यपदक घेऊन आला होता, दुसऱ्या खेपेला आला नाही. त्याला जाऊन आता काही आठवडे झालेत. पेपरात त्याच्यावर दोन-तीन ठिकाणी छापून आलं आणि सगळीकडे 'निर्भय' हा शब्द होता. तो वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण तो शब्द खरा नाही. सुगत अतिशय भित्रा मुलगा होता. त्याच्याइतकी भीती वाटणारं माणूस मी आमच्या घरात तरी दुसरं पाहिलं नाही.

तो जन्मला अमेरिकेत, दाजी तिथे शिकत असताना. पण त्याच्या शाळेची पहिली वर्षं इथे गेली. दाजींना सिंगापुरात नोकरी लागली होती आणि आम्ही दोघी बहिणी तोआ पायोहला एकाच ब्लॉकमध्ये, वरखालच्या मजल्यांवर राहत होतो. ताई काम करायची आणि मी तेव्हा घरी होते, त्यामुळे शाळा सुटली की सुगत माझ्याकडे. त्याला लिफ्टची भीती वाटे, जिन्याची वाटे, शेजारच्या मांजराची वाटे आणि सगळ्यात जास्त आमच्या कॉरिडॉरच्या टोकाची. तिथला दिवा कायम बिघडलेला असायचा. त्या टोकाला एक चिनी आजी राहायच्या, त्यांना सगळे आ-मा म्हणत. त्यांच्या दारासमोर कुंड्या होत्या आणि त्यांचे पाय दुखत म्हणून झाडांना पाणी घालायचं काम आम्ही घेतलं होतं. मी सुगतला ते काम दिलं. स्टीलचा पेला काठोकाठ भरून द्यायचे आणि सांगायचे, एक थेंब सांडायचा नाही. अंधाराकडे बघायचं नाही, पाण्याकडे बघायचं. तो चड्डीवर हात पुसायचा, पेला दोन्ही हातांत धरायचा आणि ओठ आवळून निघायचा. जाताना मुंगीच्या पावलांनी, येताना रिकामा पेला घेऊन धूम. यात माझी फार मोठी अक्कल होती असं नाही. भिणाऱ्याच्या हाताला काम द्यावं, एवढंच मला माहीत होतं.

मग त्या आ-मा वारल्या. इथल्या रीतीप्रमाणे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मांडव पडला, शवपेटी ठेवली, कंदील लागले, दिवसभर मंत्र आणि झांजा. शाळेतून यायची वाट तिथूनच होती. सुगत बसमधून उतरेचना. शेवटी मी त्याला हाताला धरून सरळ मांडवातच नेलं. आ-मांच्या मुलानं आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं आणि पाण्याचे दोन ग्लास पुढे केले. सुगत माझ्या पाठीमागे लपून पुटपुटला, "डोन्ट वॉन्ट ला, मावशी." मी त्याला हळू आवाजात दरडावलं. "घ्यायचं. कुणाच्याही घरचं पाणी नाकारायचं नाही." त्यानं ते पाणी औषधासारखं प्यायलं. वर आल्यावर का म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला माझ्या आजोबांबद्दल सांगितलं, म्हणजे त्याचे पणजोबा. गावातल्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. प्यायला मागितलं तर वरून ओंजळीत ओतत, तेही मर्जी असली तर. ज्यांना लोकांनी पाणी नाकारलं त्यांच्या घरातल्या माणसानं कुणाचं पाणी नाकारू नये, हा आमच्या वडिलांचा नियम होता. सुगतनं तो नियम पाळला. परक्या घरी गेला की दारातच विचारायचा, "कॅन आय हॅव वॉटर?" ताईला फार लाज वाटायची.

पुढे ते लोक अमेरिकेला परत गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दोनदा आला, उंच होत गेला, मराठी थोडं अडखळायला लागलं. कॉलेज संपवून मरीनमध्ये जातो म्हणाला तेव्हा ताईनं मला फोन करून आकांत केला की तूच समजाव. मी समजावलं. तो म्हणाला, "मावशी, मला सगळ्याची भीती वाटते, हे तुला माहितीये. मला एकदा बघायचंय की त्या टोकाला काय आहे." माझे वडीलही पलटणीत हवालदार होते. आमच्या घरात वर्दीला नाही म्हणायची पद्धत नाही.

तो इराकला गेला आणि आमचे दिवस बदलले. ताई कुठलीही बेल वाजली की दचकायची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की अमेरिकेत अशी बातमी फोनवर देत नाहीत, गणवेशातली दोन माणसं दारात येतात. तेव्हापासून तिनं पाण्याचं सुरू केलं. इथे मला आजोबांची दुसरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तरुणपणी आजोबांकडे गावकीचं एक काम होतं. गावात कुणी मेलं की त्यांच्या पाहुण्यांच्या गावी पायी जाऊन तसा सांगावा द्यायचा. वरच्या आळीत तर अंगणाबाहेर उभं राहूनच सांगायचं, तिथे पाण्याचा प्रश्न नव्हता. पण आपल्या वस्तीतल्या घरी लांबून चालत आलेला माणूस दिसला की बायका पाणी घेऊन पुढे येत. ते आजोबा कधी घेत नसत. आधी सांगावा, मग पाणी. ते म्हणायचे, आपण पाणी प्यालो की घरातल्यांना वाटतं सगळं ठीक आहे. मग सांगितलं तर ते माणसाला दोनदा मारल्यासारखं होतं. बायकांनाही हे ठाऊक झालं होतं. आजोबांनी तांब्याला हात लावला नाही की त्या तिथेच खाली बसत. आमची आई शेवटपर्यंत अवेळी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायची आणि तो पिईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

ताईनं तेच धरलं. कुरियरवाला, मीटर बघणारा, शेजारणीची मोलकरीण, दारात येईल त्याला पाणी. एकदा पांढरे शर्ट आणि टाय घातलेली दोन तरुण पोरं दारात उभी राहिली. दोघं आहेत, एवढंच तिला दिसलं. तरी तिनं पाणी आणलं. ती धर्मप्रचार करणारी मुलं निघाली, त्यांनी दोन-दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायलं आणि ताईला इतका आनंद झाला की तिनं त्यांना बसवून चिवडा खायला घातला. त्यानंतर ती पोरं दर आठवड्याला यायला लागली. मी ताईला म्हटलं, तू आता बाप्तिस्मा घेणार बहुतेक. ती म्हणाली, "घेईन. पाणी पितात ना, मग काय वाटेल ते सांगू देत."

सुगत पहिल्या खेपेहून परत आला, पदक मिळालं. ताईनं मला समारंभाचे फोटो पाठवले. त्यात सुगतच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, पेला भरून दिल्यावर यायचा तो.

त्याला मी शेवटचं भेटले ते इथेच, तोआ पायोहला. दुसऱ्या खेपेला जाताना त्यांचं जहाज सिंगापूरला थांबलं आणि त्याला किनाऱ्यावर यायची सुट्टी मिळाली. शनिवारी दुपारी तो एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, एकटा आला. मी वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत सामानाचं आणि सुरक्षेचं काम बघते, त्या दिवशी अर्धा दिवस रजा घेतली होती. आधी खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतला कॅरट केक (नाव गाजराचं, असतो मुळ्याचा), मग तुझा रस्सा, अशी त्याची अट होती. दोन्ही पोटभर खाल्लं. केस बारीक कापल्यामुळे कान मोठे दिसत होते. मी म्हटलं, ऐकायला कान बरे वाढवलेत. तो हसला. पण मी बघत होते. आमच्याकडे सगळे जण लाकडी दार उघडं ठेवतात, वाऱ्यासाठी, आणि फक्त लोखंडी जाळी बंद असते. सुगतनं आल्या आल्या दार लावलं. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की त्याचं बोलणं मध्येच तुटायचं आणि पावलं पुढे गेली की जिथे तुटलं तिथून सुरू व्हायचं. मी पंखा वाढवला.

संध्याकाळी आम्ही रोज बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हणतो. तोही माझ्या शेजारी बसला. त्रिशरण नीट म्हणाला. पंचशीलात पहिलं शील आलं, जीवहिंसा न करण्याचं, तिथे त्याचा आवाज थांबला. पुढच्या चारांना परत आला. माझा नवरा विलास डोळे मिटून म्हणत होता, त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

नंतर मी पदकाबद्दल विचारलं. कुठे ठेवलंयस? म्हणाला, मोज्यांच्या खणात. मग स्वतःच सांगायला लागला की त्याची दोन माणसं रस्त्यात जखमी पडली होती आणि गोळीबार चालू होता. भिंतीमागे बसून त्याला इतकी भीती वाटली की तिथे बसणं त्याला जमेना. "तुझा पेला आठवला, मावशी. इकडेतिकडे बघायचं नाही. फक्त त्या माणसाकडे बघत गेलो. दुसऱ्यासाठी परत गेलो. नंतर उलटी झाली." यालाच पदक देतात हे मला ठाऊक नव्हतं.

पण त्याला सांगायचं होतं ते हे नव्हतं. दोन खेपांच्या मध्ये तो अमेरिकेतल्या तळावर असताना त्याला एक काम देण्यात आलं होतं. त्या भागातल्या एका सैनिकाच्या घरी जाऊन आईला मुलगा गेल्याचं सांगायचं. बरोबर एक वयस्क सार्जंट होता. ऊन होतं, दोघेही पूर्ण गणवेशात. दार त्या बाईनंच उघडलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, किती तापलात रे पोरांनो, आत या, आणि पाण्याचा ग्लास आणून सुगतच्या हातात दिला.

"आणि मी प्यायलो, मावशी. विचारच केला नाही. कुणी पाणी दिलं की प्यायचं. सगळं प्यायलो."

ती बाई हसली म्हणे. गणवेश बघून तिला कळलं नसेल असं नाही, पण तो पाणी प्यायला आणि तिनं ठरवलं की आपल्याला वाटतंय ते नाही. मुलाबद्दल बोलायला लागली. घरी आला की त्याला कोणती खोली देणार, भिंतीला कुठला रंग लावलाय... सार्जंट सुगतकडे बघत राहिला. सांगायचं काम अधिकाऱ्याचं होतं.

"ग्लास माझ्या हातातच होता. खाली ठेवायला कुठे जागाच नव्हती. तो हातात धरून मी तिला सांगितलं."

मग मी त्याला आजोबांची दुसरी गोष्ट सांगितली, सांगाव्याची. त्यानं ती पहिल्यांदाच ऐकली. शब्दन् शब्द परत विचारला. आजोबा उभे कुठे राहायचे, आधी काय म्हणायचे, परतीच्या वाटेवर तरी पाणी प्यायचे का. प्यायचे, मी म्हटलं. सांगून झालं, रडारड थोडी शमली की त्या घरचंच पाणी प्यायचे आणि मग निघायचे. तेही न पिता निघणं बरोबर नव्हे.

"आईला माहितीये हे?"

"तिला माझ्या आधीपासून. ती आजोबांची लाडकी."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तोवर तो दुसऱ्या कुणाच्या तरी आईबद्दल बोलत होता. आता त्याला स्वतःच्या घरचं दार दिसलं. टेक्सासचं दार, दारात दोघं जण आणि आतून पाणी घेऊन येणारी ताई. हळूच म्हणाला, "ती त्यांना पाणी देईल." मी म्हटलं, देईल, ती सगळ्यांनाच देते, चिवडासुद्धा देते. तो हसला नाही. म्हणाला, "त्यांनी घ्यायला नको. आधी सांगायला हवं." मी त्याला म्हटलं, अभद्र बोलू नकोस. आमच्याकडे अशा वेळी असंच म्हणतात.

निघताना त्यानं स्वतःचा पेला घासला. तोच, स्टीलचा. आता त्याला एक पोचा पडलाय. ओट्यावर पालथा घालून ठेवला आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला. तिथला दिवा आता चालतो. आ-मांच्या मुलानं घर विकलं तेव्हा कुंड्या मी तिथेच ठेवून घेतल्या होत्या. त्यातल्या एकीची माती त्यानं बोटानं चाचपली आणि मला ओरडून सांगितलं, "मावशी, ही कोरडी आहे." मग जिन्यानं खाली उतरला. लिफ्ट त्याला शेवटपर्यंत आवडली नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, ज्यांची मुलं अशा ठिकाणी आहेत त्यांना माहीत आहे. मी कामावर जात होते, साठ्याची तपासणी करत होते, आग विझवायच्या कवायती घेत होते. फोन वाजला की आधी तो ठेवून द्यावासा वाटायचा. आणि मग तो रविवार.

अंत्यविधीला मी टेक्सासला गेले. गणवेश, घडी केलेला झेंडा, बंदुका, सगळं शिस्तीत झालं. एका बाजूला भन्तेजींनी जलदान विधी केला. ताटातल्या वाटीत दाजी सुगतच्या नावानं पाणी ओतत होते; वाटी भरून वाहायला लागली तेव्हा ताईनं त्यांच्या हाताला खालून आधार दिला. रात्री पाहुणे गेल्यावर मी ताईला विचारलं, त्या दिवशी फोन ठेवल्यानंतर काय झालं. ती म्हणाली, ते दोघे दाराशीच उभे होते. दाजी अंगणातून हात पुसत आले, त्यांनाही त्या अधिकाऱ्यानं सांगितलं. मग ताई आत गेली. बर्फ विरघळून गेला होता. तिनं तेच ग्लास परत त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाली, नाऊ यू कॅन टेक. तो तरुण अधिकारी लगेच प्यायला, पूर्ण. दुसराही प्यायला. "तहानले होते गं," ताई म्हणाली. "लांबून आले होते."

आधी न घेणं आणि नंतर घेणं हे त्यांना तसंच शिकवलेलं असतं, की सुगतनं कुणाला सांगून ठेवलं होतं, मला माहीत नाही. मी चौकशी केलेली नाही आणि ताईनंही नाही. ताईची मात्र खात्री आहे. असू दे.

आमचा मुलगा निखिल आता इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत आहे. आठवडाभर छावणीत असतो, शनिवारी मळके कपडे घेऊन घरी येतो. इथे युद्ध नाही, हे मला कळतं. विलास मला रोज समजावतो. पण गेल्या आठवड्यात भर दुपारी बेल वाजली. जाळीच्या बाहेर खाकी शर्टातला एक माणूस उभा होता. मी किल्ली आणली नाही. आधी स्वयंपाकघरात गेले, तो पोचा पडलेला पेला भरला आणि जाळीच्या फटीतून पुढे केला. तो म्हणाला, "नो नीड, आंटी."

मी पेला मागे घेतला नाही. तसाच धरून उभी राहिले, काठोकाठ भरलेला, आणि पाण्याकडे बघत राहिले. तो गोंधळला. म्हणाला, मी पाण्याच्या पाइपची तक्रार बघायला आलोय, खालच्या मजल्यावर गळतंय. मी म्हटलं, "ड्रिंक फर्स्ट." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायला.

मग मी कुलूप उघडलं.